एकसष्ट पट्ट्यांची वाटणी

माझ्या धाकट्या भावासारखा वाजवणारा माणूस मी पाहिला नाही, आणि तुम्हीही पाहिला नसणार. मोठा भाऊ म्हणून सांगत नाही. मोठा भाऊ म्हणून सांगायचं असतं तर याहून जास्त सांगितलं असतं.

आमचं थिएटर बाहुल्यांचं. दोनशे दहा खुर्च्या, त्यातल्या नव्वद माझ्या हातून पुन्हा उभ्या राहिलेल्या. मी तिथला सुतार. शिक्षण म्हणाल तर सातवी, आणि तीसुद्धा मास्तरांना माझा कंटाळा आला म्हणून पास. पण त्या इमारतीतलं एक फळकूट असं नाही, ज्याला माझा रंधा लागला नाही. भाऊ स्टेजच्या पोटात बसतो आणि वाजवतो. त्याला सगळे ‘बँड’ म्हणतात. "बँड आला का?" "बँड जेवला का?" एकट्या माणसाला बँड कसं काय म्हणतात, ते ऐका.

पूर्वी तिथे चार जण वाजवायचे. पियानोला भाऊ, एक व्हायोलिनवाला, एक ढोल-झांजावाला आणि एक आवाजवाला. तो पत्रा हलवून गडगडाट करायचा आणि दोन लाकडी ठोकळे आपटून घोडा पळवायचा. मग व्हायोलिनवाल्याची नजर गेली, ढोलवाला मुलीकडे राहायला गेला, आवाजवाल्याचं मालकाशी वाजलं. सहा वर्षांपूर्वी एका सकाळी मालकांनी आम्हाला सगळ्यांना स्टेजवर बोलावलं आणि विचारलं, "हल्ली हे सगळं कॉम्प्युटरवर होतं म्हणे. एकच माणूस चौघांचं करू शकेल का?"

कुणी बोललं नाही. भाऊ आपल्या बुटांकडे बघत उभा होता. मग मीच बोललो, "माझा भाऊ करेल. एका हातानं करेल."

मालक म्हणाले, "दोन्ही हातांनी केलं तरी माझी हरकत नाही."

सगळे हसले. झालं, ठरलं.

आता मी सुतार माणूस, पण भावाने मला हे इतकं समजावलंय की झोपेतून उठवलंत तरी सांगेन. त्याच्या कीबोर्डला मिडी कीबोर्ड म्हणतात. त्याला स्वतःचा आवाजच नाही, नुसतं दाबलं तर टक टक. तो फक्त कॉम्प्युटरला निरोप देतो: ही पट्टी दाबली, एवढ्या जोरात दाबली, आता सोडली. आवाज कॉम्प्युटरमधला प्रोग्राम काढतो. पियानोचा प्रोग्राम वेगळा, व्हायोलिनचा वेगळा, ढोलांचा वेगळा, गडगडाट-घोडा-दार-पाऊस यांचा वेगळा. आणि अडचण अशी की त्या कॉम्प्युटरवर पहिल्या प्रोग्रामने कीबोर्ड धरला की तो दुसऱ्याला हात लावू द्यायचा नाही. लहान पोरं खेळणं धरून बसतात ना, तसं.

भाऊ तीन आठवडे त्याच्यामागे होता. एकदा त्याने निरोप बाहेर काढून चुकून परत त्याच दारातून आत सोडला. एक पट्टी दाबली, तिचे हजार निरोप झाले, आणि स्पीकरने असा गळा काढला की वरच्या मजल्यावर बाहुल्यांना रंग देणाऱ्या बाईने डबा सांडला. शेवटी त्याने कॉम्प्युटरच्या आत खोट्या तारा बसवल्या. खोट्या म्हणजे दिसत नाहीत, हाताला लागत नाहीत, पण निरोप त्यांच्यातून जातो. मध्ये एक छोटा प्रोग्राम ठेवला, त्याचं काम फक्त वाटप. पाण्याची एक पाइप आत आली आणि चार नळ निघाले, तसं. मी त्याला म्हणालो, "अरे, हे तर प्लंबिंग आहे!" तो म्हणाला, "दादा, तू इंजिनिअर व्हायला हवा होतास." खरंच व्हायला हवा होतो.

कीबोर्डला पट्ट्या एकसष्ट. त्यांची वाटणी अशी: खालच्या अठरा ढोल-झांजांना. वरच्या अठरा गडगडाट, घोडा वगैरेंना. मधल्या पंचवीस पियानोला, आणि पायाखालचं पेडल एकदा दाबलं की त्याच पंचवीस व्हायोलिनला, पुन्हा दाबलं की परत पियानोला. दोन हद्दींवर त्याने लाल टेप चिकटवली. भावाभावांत वाटणी झाली की भांडणं होतात म्हणे. इथे एकाच माणसाची स्वतःशी वाटणी झाली आणि चूं की चां नाही. पहिल्या खेळाला मी मागे उभा होतो. डोळे मिटले तर चार माणसं, उघडले तर माझा भाऊ. मालक माझ्या खांद्यावर थाप मारून म्हणाले, "हा माणूस नाही, बँड आहे." तेव्हापासूनचं ते नाव.

तो बसतो ते खोकं मी बांधलं. स्टेजखाली, पाच फूट बाय चार फूट, समोर वीतभर उंचीची फट. तिच्यातून त्याला बाहुल्या दिसतात, त्या चालवणाऱ्या मावशींचे पाय दिसतात, बाकी काही नाही. दार आत उघडतं. आता लोक मला नावं ठेवतात की कीबोर्ड आत मांडला की दार उघडत नाही. माझं माप चुकलं नव्हतं. माझं माप जुन्या कीबोर्डचं होतं. नवा वीतभर लांब आला, त्याला मी काय करणार? तर भाऊ आत जातो, दार लावतो, स्टँड ओढून घेतो आणि खेळ संपेपर्यंत तिथेच. तहान लागली तरी तिथेच.

खेळ रोज दोनला, रविवारी आणखी एक अकराला. सहा वर्षांत एक सुट्टी नाही. बदलीला कोण येणार? वाटणी त्याच्या डोक्यात, पेडल कधी दाबायचं ते त्याच्या पायात. मालकांनी एकदा बाहेरून एक पियानोवाला आणला. चांगला शिकलेला माणूस होता. त्याने जोरात एक सूर लावायला डावा हात खाली नेला आणि ढोल धडाधड वाजायला लागले. तो उठला, टोपी घातली आणि गेला. मला तेव्हा केवढा आनंद झाला! सगळ्यांना सांगत सुटलो, "बघा, माझ्या भावाशिवाय पान हलत नाही."

वडील गेले त्या दिवशीही दोनचा खेळ होता. सकाळी नऊला गेले. भाऊ पावणेदोनला खोक्यात बसला, टोपी हरवलेल्या म्हाताऱ्याचा विनोदी खेळ वाजवला, पोरं हसून हसून लोळली, आणि तो पाचला आला. आम्ही थांबलो होतो. त्याने येऊन वडिलांच्या पायांवर हात ठेवला तेव्हा त्याचा उजवा पाय खाली-वर होत होता. पेडलची सवय. त्या दिवशी माझी बायको मला बाजूला घेऊन म्हणाली, "भावाला खोक्यात कोंडलंय आणि तुम्ही बाहेर मिशीला पीळ देताय." मी म्हणालो, "तुला त्यातलं काय कळतं?" मलाही नव्हतं कळत.

मग या वर्षी ती चिठ्ठी आली. शहरात एक नाचाची मंडळी आहे. त्यांना वर्षभराच्या दौऱ्यासाठी पियानोवाला हवा होता. खरा पियानो, लाकडाचा, तारांचा. भावाने मला न सांगता अर्ज केला होता. त्यांनी बोलावलं: शनिवारी, दुपारी तीनला. भाऊ चिठ्ठी घेऊन माझ्या कामाच्या टेबलाशी आला आणि भुशात बोटाने रेघा ओढत उभा राहिला.

"दादा, तीनला."

"मग?"

"दोनला खेळ आहे."

मी मालकांकडे गेलो. मालक वाईट माणूस नाही. ते म्हणाले, "जाऊ दे ना त्याला. मी कुठे बांधून ठेवलंय? बदली माणूस आणा आणि खुशाल जा."

"मी बसतो," मी म्हणालो.

"तू? सुतारा, तुला वाजवता येतं?"

"मला काय येत नाही ते विचारा."

भावाने तयारीला दहा दिवस घेतले. त्यातल्या त्यात सोपा खेळ निवडला, तोच टोपीवाल्या म्हाताऱ्याचा. पियानोचे तुकडे आधी वाजवून कॉम्प्युटरमध्ये भरून ठेवले आणि प्रत्येक तुकडा एकेका पट्टीवर ठेवला. पट्ट्यांवर कागदाचे आकडे डकवले, एक ते बारा. म्हातारा आत आला की एक, पडला की दोन, कुत्रा आला की तीन. वर दार, घोडा, गडगडाट. त्यांना चित्रं काढून दिली. सगळंच का भरून ठेवलं नाही, असं मी विचारलं, तर मावशीच मध्ये बोलल्या. मावशी म्हणजे म्हाताऱ्याची बाहुली चालवणाऱ्या, थिएटरातल्या सगळ्यांत जुन्या. "अरे सुतारा, माझा म्हातारा रोज वेगळा पडतो. पोरं जास्त हसली तर तो आणखी पडतो. त्याच्या तालावर बँड चालतो. बँडच्या तालावर तो नाही चालत."

एक जागा मात्र हातानेच वाजवायची होती. टोपी सापडत नाही म्हणून म्हातारा दगडावर बसतो, तिथे व्हायोलिनचा एकच लांब सूर. तो बसायच्या आत पेडल दाबायचं, बसला की पट्टी धरायची, तो उठेपर्यंत धरून ठेवायची. उठला की बोट उचलायचं, मग पेडल दाबून पियानोवर यायचं.

"आधी बोट, मग पाय," भाऊ रोज सांगायचा. "दादा, विसरू नकोस. आधी पाय दाबलास तर सोडल्याचा निरोप पियानोला जाईल. व्हायोलिनला कळणारच नाही की तू सोडलंस."

"मग काय होईल?"

"ते वाजतच राहील."

"बंद कसं करायचं?"

त्याने कॉम्प्युटरच्या पडद्यावर व्हायोलिनच्या खिडकीतलं एक लाल बटण दाखवलं. मी म्हणालो, "मला लागणार नाही ते."

शनिवारी दीडला त्याने इस्त्रीचा शर्ट घातला आणि गेला. मी खोक्यात शिरलो, स्टँड ओढला. तुम्हाला सांगतो, ते मी स्वतःच्या हाताने बांधलं होतं, पण आत कधी बसलो नव्हतो. गुडघे फळीला टेकतात. डोकं उचललं की तुळई लागते. समोर वीतभर उजेड. दहाव्या मिनिटाला माझा शर्ट पाठीला चिकटला आणि विसाव्या मिनिटाला मला वाटलं, आता मी ओरडणार. सहा वर्षं, रोज. तरी आकडे बरोबर दाबले. कुत्रा आला, घोडा गेला, दार वाजलं. एकदा पावसाऐवजी घोडा पळाला, पण पोरांना तो आवडला.

मग म्हातारा दगडावर बसला. मी पट्टी धरली. काय सूर लागला म्हणून सांगू! स्वतःच्या बोटातून असलं काही निघतंय यावर माझा विश्वास बसेना. मावशींनी म्हाताऱ्याची मान खाली घातली, मी बघत राहिलो, आणि तो उठला तेव्हा घाईत पाय आधी पडला.

बोट उचललं. सूर थांबला नाही.

पट्टी पुन्हा दाबली. पियानो वाजला, खाली सूर चालूच. पेडल दाबलं, सोडलं, दाबलं. लाल बटण शोधलं. पडद्यावर चार खिडक्या एकमेकींवर चढून बसलेल्या, व्हायोलिनची कुठल्या बुडाशी होती देव जाणे. माउस फिरवता फिरवता काहीतरी भलतंच दाबलं आणि गडगडाट झाला. दार उघडून कुणाला हाक मारावी, तर दारामागे कीबोर्ड. बाहेरून मालक दार ठोकत होते, "सुतारा, बंद कर ते!" मी आतून ओरडत होतो, "होत नाहीये!" स्पीकर बंद केला असता तर सगळाच खेळ मुका झाला असता.

मावशींनी वाचवलं. त्यांनी म्हाताऱ्याला थांबवलं, इकडेतिकडे बघायला लावलं, आवाज कुठून येतोय म्हणून जमिनीला कान लावायला लावला. नेमका माझ्या डोक्यावर. पोरं फुटली हसून. अकरा मिनिटं तो सूर वाजला, आणि अकरा मिनिटं म्हातारा तो शोधत फिरला. मध्यंतराला मी स्टँड सरकवून दार उघडलं, आणि मालकांनी माझ्यासमोर कॉम्प्युटरच बंद केला आणि पुन्हा चालू केला. उरलेला खेळ मी बिनचूक काढला. टाळ्या पडल्या. मावशी नंतर म्हणाल्या, "सुतारा, तुझ्या हातात रंधाच शोभतो हो." पण हसत म्हणाल्या.

भाऊ सहाला आला. मी भरून पावल्यासारखा उभा होतो.

"झालं?"

"झालं."

"घेतलं की नाही तुला?"

त्याने शर्टाच्या बाह्या दुमडायला सुरुवात केली. दोन्ही बाह्या नीट दुमडून झाल्या तेव्हा बोलला. "पहिलं छान गेलं, दादा. हळू सुरांचं होतं. मग मंडळीच्या मुख्य बाईंनी सुरांचा दुसरा कागद ठेवला. त्यात डावा हात पार खाली जायचा होता. मला वाचता येत होतं. बोटांना माहीत होतं. पण हात एका जागी जाऊन थांबला."

"थांबला म्हणजे?"

"टेप असते तिथे थांबला. तिथे टेप नव्हती. तरी थांबला. मी जोर केला तर... मला वाटलं ढोल वाजेल." तो हसायला गेला. "उजवाही वर जाईना. वर घोडा आहे ना."

तीन वेळा करून पाहिलं म्हणे त्याने. बाईंनी विचारलं, "हात दुखतोय का?" तो नाही म्हणाला. "मग काय होतंय?" त्याला सांगता येईना. काय सांगणार? की माझ्या पियानोला पंचवीसच पट्ट्या आहेत?

मला राग आला. असला राग आला की रविवारचा दुसरा खेळ सुटल्यावर मी थेट त्या नाचाच्या मंडळीच्या जागेवर गेलो. बाई साठीच्या, केस बारीक कापलेल्या, गळ्यात शिट्टी. मी म्हणालो, "माझा भाऊ चार माणसांचं एकटा वाजवतो. तुम्ही त्याला ओळखलं नाही."

बाई रागावल्या नाहीत. मला पियानोपाशी घेऊन गेल्या. मी सवयीने खिशातला मापाचा टेप काढून मोजला. पट्ट्यांची लांबी चार फुटांच्या वर. अठ्ठ्याऐंशी पट्ट्या.

"तुमचा भाऊ खरंच चांगला वाजवतो," त्या म्हणाल्या. "म्हणूनच मी तीन वेळा करू दिलं. पण त्याला एवढ्याशा जागेत कुणी बसवलं हो?"

"मालकांनी," मी म्हणालो.

त्यांनी सांगितलं, मंडळी एक तारखेला निघते, आता दुसऱ्याला घेतलंय. पुढच्या वर्षी परतल्यावर पुन्हा माणूस बघणार आहेत. "हात मोकळा झाला असेल तर येऊ दे त्याला."

मी जिना उतरलो. मधल्या वळणावर एक खिडकी आहे, तिथे थांबलो. मालकांनी विचारलं होतं फक्त. सांगितलं मी होतं. सगळे गप्प असताना, तो बुटांकडे बघत असताना, मी. आणि नंतर सहा वर्षं गावभर तेच मिरवत होतो.

सोमवारी मालकांना म्हणालो, "ढोल आणि घोडा माझ्याकडे द्या. वेगळा छोटा कीबोर्ड घेऊ. बँडला त्याच्या एकसष्ट पट्ट्या परत द्या."

"तू पुन्हा त्या खोक्यात बसणार?" मालक म्हणाले. "अकरा मिनिटं, सुतारा! अकरा! माझ्या कानात अजून वाजतंय. पाया पडतो तुझ्या, लाकूड काप." दुसरा कुणी आणायलाही ते तयार नाहीत. चाललंय ते चांगलं चाललंय, म्हणतात. भाऊही पुढे होऊन काही बोलला नाही. तो कधीच बोलत नाही. त्याच्या वाट्याचं मीच बोललोय आयुष्यभर.

तर आता असं करतो. रोज साडेबाराला आम्ही दोघं खोक्यात शिरतो. दोघं मावत नाही, म्हणून मी दाराचे स्क्रू काढून दार बाहेर उभं करतो. भाऊ वाटपाचा प्रोग्राम बंद करतो, बाकीचे तिन्ही बंद करतो, नुसता पियानो ठेवतो. लाल टेप सोलून काढतो. बाईंकडून मागून आणलेला तो दुसरा कागद समोर लावतो. मी त्याच्या मागे वाकून उभा, तुळईला पाठ लावून, त्याचं डावं कोपर माझ्या तळव्यात.

पहिला महिना कोपर हललंच नाही. हात हद्दीपर्यंत यायचा आणि तिथेच अडायचा. "ढोल नाहीये रे तिथे," मी म्हणायचो. तो म्हणायचा, "माहितीये मला." बोटांना मात्र माहीत नव्हतं. त्याच्या कानशिलावरून घाम ओघळायचा. तिसऱ्या-चौथ्या वेळी मी चिडायचो, तो चिडायचा. "दादा, सोड ना, दोनला खेळ आहे." एकदा त्याने खोक्याच्या फळीवर मूठच आपटली. मी सोडलं नाही. हट्टात माझ्यासारखा दुसरा नाही.

आज हात हद्दीच्या खाली तीन पट्ट्या गेला. तीन. मी मोजल्या. चौथीवर बोट नुसतं टेकलं आणि राहिलं. मी श्वास धरून उभा. फटीतून मावशींचे पाय आले, म्हणाल्या, "बँड, सव्वा झाला."

"आणखी एकदा," भाऊ म्हणाला. तो स्वतः म्हणाला, मी नाही.

मी कोपराखालचा हात काढून घेतला.